निनीच्या पोटातला मुकुट

आमच्या घरातला मुकुट यांच्या खापरपणजोबांच्या डोक्याच्या मापाचा आहे. त्या माणसाचं डोकं केवढं असेल हे मुकुट पाहिल्याशिवाय कळायचं नाही. पुढच्या प्रत्येक पिढीत डोकी लहान होत गेली, आणि आमच्या सप्तमुनींपर्यंत, म्हणजे यांच्यापर्यंत, येता येता मुकुट आणि डोकं यांच्यात माझा हात सहज जाईल एवढी फट पडली. म्हणून पूजेला बसण्याआधी यांच्या डोक्याला मऊ कापडाच्या घड्या बांधायच्या, त्यावर मुकुट बसवायचा आणि हलवून बघायचा, हे काम माझं. लग्न होऊन या बहालात, म्हणजे विहाराभोवतीच्या आमच्या वस्तीत, आले तेव्हापासून करते आहे. ललितपुरातल्या लोकांना वाटतं, गुरुजू पूजेत काय ध्यान लावून बसतात. मला विचाराल तर मुकुट नाकावर येऊ नये म्हणून ते मान ताठ धरून बसलेले असतात.

मुकुट मात्र देखणा. तांब्याचा, सोन्याचं पाणी दिलेला, कडेनं पाच बुद्ध, माथ्यावर वज्र आणि दोन्ही कानांवर फुलांच्या नक्षीचे दोन पत्रे. आम्हा वज्राचार्य पुजाऱ्यांचं असं आहे की मुकुट डोक्यावर चढला की माणूस माणूस राहत नाही, त्याच्या जागी पाच बुद्ध बसतात. मीही हे मानते. भाजीत मीठ कमी पडलं म्हणून कुरकुर करणारा नवरा मुकुट घालून उभा राहिला की मी वाकून नमस्कार करते, आणि तो अगदी मनापासून असतो.

तर त्या वर्षी एका घरी पूजेला यांनी मान जराशी वळवली आणि उजव्या कानावरचा पत्रा सुटून थेट दह्याच्या वाडग्यात पडला. यजमानांची नातवंडं खो खो हसली. यांनी मंत्र न थांबवता बोटांनी पत्रा बाहेर काढला, पुसला आणि मांडीखाली सरकवला. पण पुढच्या रांगेत पंचलाल ताम्राकार बसले होते. भांड्यांचे मोठे व्यापारी, आमचे जुने यजमान. महिन्याभरावर त्यांच्या वडिलांचा जंको होता. सत्त्याहत्तर वर्षं, सात महिने आणि सात दिवस भरले की म्हाताऱ्या माणसाला देव करून रथात बसवतात आणि पोरंसुना तो रथ ओढतात, तो जंको. अख्ख्या ललितपुराला आमंत्रण गेलं होतं. पंचलाल उठताना हळूच म्हणाले, "गुरुजू, बाबांच्या ताटात काही पडणार नाही ना?"

मग मुकुट दुरुस्तीला द्यायचं ठरलं. आता हे काही चप्पल सांधायला देण्यासारखं नाही. जिवंत मुकुटावर कोण हातोडी मारेल? आधी त्याचा जीव काढून घ्यावा लागतो. मंत्र म्हणून, पंचरंगी दोऱ्यानं, मुकुटातला जीव पाण्यानं भरलेल्या कलशात उतरवायचा. मुकुट मग नुसतं तांबं. कलशाला रोज दूध, फूल, दिवा दाखवायचा, आणि मुकुट सांधून आला की तो जीव परत त्यात घालायचा. यांनी ते सगळं यथासांग केलं. मुकुट घेऊन जायला गजरत्न शाक्य सोनार आला तेव्हा त्यानं तो काखेत मारला आणि माझ्याकडे चहा मागितला. सकाळपर्यंत ज्याला मी नमस्कार करत होते तो मुकुट त्याच्या काखेत बघून मला कसंसंच झालं, पण चहा दिला.

कलश खरा तर आगमात ठेवायचा, म्हणजे घराण्याच्या गुप्त देवघरात. पण आगमाची कौलं उतरवली होती, म्हणून तो बाहेरच्या पूजेच्या खोलीत ठेवला. ही खोली सगळ्यात वरच्या मजल्यावर, माझ्या स्वयंपाकघराला लागून. भूकंपानंतर तिची जमीन एका कोपऱ्याकडे उतरली आहे. लिंबू ठेवलं तरी घरंगळत जाऊन कोपऱ्यात बसतं. यांनी कलश तांदळाच्या ढिगावर रोवला आणि घरातल्या सगळ्यांना बजावून सांगितलं की या खोलीची कडी त्यांच्याशिवाय कुणी काढायची नाही आणि लावायचीही नाही. बजावण्याचं काम यांना फार छान जमतं.

घरातल्या सगळ्यांत निनीही आली. निनी म्हणजे आत्या; ही यांची आत्या, चिनीमाया. दिल्या घरी कुणी उरलं नाही तेव्हा एक ट्रंक आणि एक उशी घेऊन ती माहेरी परत आली. मूलबाळ नाही. माहेरी आली खरी, पण दुसऱ्या घराण्यात दिलेली लेक, त्यामुळे तिला आगमात जाता येत नाही, कुलपूजेत तिचं पान मांडत नाहीत आणि प्रसाद सगळ्यांत शेवटी मिळतो. याचा सूड ती माझ्या लोणच्याच्या बरणीवर घेते. उशीखाली गूळ, ट्रंकेत तीळ, पदराच्या गाठीत सुपारी. अख्ख्या बहालात चिनीमाया म्हणजे हावरट हे ठरून गेलेलं. आमचं दोघींचं दिवसातून एकदा तरी वाजायचंच. तिचं म्हणणं मी मुळ्याशिवाय काही रांधत नाही, आणि माझं म्हणणं ती मुळ्याशिवाय सगळं संपवते.

तिचा एकच मान होता आणि तो ती आठवड्यातून एकदा तरी ऐकवायची. आमच्या मुलांना लहानपणी डोकं भादरून थोड्या दिवसांसाठी भिक्षू करतात. तेव्हा कापलेले केस भुईवर पडू द्यायचे नसतात, ते झेलायला आत्याच लागते. यांच्या वेळी ताट धरून निनी बसली होती. "एक केस खाली पडू दिला नाही," असं सांगताना ती दोन्ही हात अजून पुढे करून दाखवते.

एका दुपारी मी खाली चौकात मुळा वाळत घालत होते. पंचलालांनी रथाची चाकं दाखवायला म्हणून यांना खालून हाक मारली आणि हे वरून धावत आले. मग दोघं चाकं ठोकून बघण्यात रमले. मी काम आटपून वर गेले तेव्हा निनीची शाल खिडकीत टपटप गळत होती. विचारल्याशिवाय माझा साबण घेतला म्हणून मी तिला दोन शब्द सुनावले. ती काही बोलली नाही. निनी आणि गप्प, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

संध्याकाळी हे दिवा लावायला पूजेच्या खोलीत गेले आणि कलश हातात घेऊन बाहेर आले. कलश त्यांनी उलटा धरला होता आणि त्यातून एक थेंब पडत नव्हता. मी म्हटलं, झालं काय. तर जिन्याच्या कडेला बसलेली निनी म्हणाली, "तहान लागली होती. मी प्यायले."

मी स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. दोन पावलांवर पाण्याचा घडा भरलेला होता. निनी म्हणाली, ते पाणी तिला आवडत नाही, त्याला मुळ्याचा वास येतो.

त्या क्षणी मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. यांनी डोक्याला हात लावला. जंको जवळ आलेला, मुकुट सोनाराकडे, आणि त्याचा जीव म्हातारीच्या पोटात. त्यात ती जेवायला बसली तर चूळ भरेना. भात तोंडात घेऊन कचकच आवाज करत चावत होती, जसं काही भातात खडे होते. माझ्या भातात खडे नसतात. हा मला टोमणा आहे असं समजून मी आणखीच भडकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी थकाली आजूंना बोलावलं. थकाली म्हणजे बहालात वयानं सगळ्यांत थोरले, त्यांचा शब्द शेवटचा. आजूंना चहाड्या नीट ऐकू येतात आणि गाऱ्हाणी अजिबात ऐकू येत नाहीत. त्यांनी सगळी हकिगत शांतपणे ऐकली, मला ऐल्याची वाटी आणायला सांगितली आणि ती रिकामी होईपर्यंत विचार केला. घरच्या दारूशिवाय आजूंना शास्त्र आठवत नाही.

"पाणी सांडलं असतं तर बोलणं संपलं होतं," ते म्हणाले. "जीव मातीत गेला की गेला. मग मुकुट बागमतीत सोडायचा, आणि ज्याच्या हातून सांडलं त्यानं परत कुणाच्या घरी मुकुट घालून बसायचं नाही. पण हे सांडलेलं नाही. तांब्याच्या भांड्यातून हाडामांसाच्या भांड्यात गेलं. आणि भांडं आपल्याच घरचं आहे, वज्राचार्याची लेक आहे. जीव जागच्या जागी आहे, सप्तमुनी."

यांनी असा सुस्कारा टाकला की समोरचा दिवा विझायला आला. मी निनीकडे पाहिलं. ती भुईकडे बघत बसली होती. मला वाटलं, लाज वाटत असेल.

आजू उठता उठता म्हणाले, "मुकुट येईपर्यंत हिला कलशासारखंच सांभाळायचं. जे कलशाला, ते हिला."

आधीच उल्हास, त्यात फाल्गुनमास. ज्या बाईशी माझं मुळ्यावरून भांडण होतं तिच्यापुढे मी रोज सकाळी फूल, दूध आणि दिवा घेऊन बसायला लागले. कलश जमिनीवर ठेवत नाहीत, म्हणून निनीला गादी आली. कलश खालच्या मजल्यावर नेत नाहीत, म्हणून ती खिडकीतल्या उजेडाच्या जागी, म्हणजे माझ्या जागी बसली. पहिल्या दिवशी ती अवघडून बसली. दूध पुढे केलं तर माझ्याकडे संशयानं बघितलं, मग पटकन पिऊन टाकलं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, दुधात साखर का नाही. मी म्हटलं, कलशाच्या दुधात साखर नसते. त्यावर ती म्हणाली, "कलशाला दात नव्हते, भौ. मला चार आहेत." भौ म्हणजे सून; मला नाव असूनही ती कधी दुसरं काही म्हणत नाही.

आठवड्याभरात ती चांगलीच रुळली. अमोघसिद्धींना अंडं हवंय. रत्नसंभवांना तांदळाच्या पिठाची चतामरी खावीशी वाटते, वर खिमा घालून. अक्षोभ्यांना कालचा मुळा बाधला. मी म्हटलं, पाच बुद्ध तुझ्या पोटात जाऊन फारच खादाड झालेले दिसतात. ती म्हणाली, "इतकी वर्षं नुसत्या फुलांवर काढली बिचाऱ्यांनी."

बहालातल्या बायका दर्शनाला यायला लागल्या. जिला कुणी कधी कसं आहेस विचारत नव्हतं तिच्या पायाशी फळं, अंडी, वडे जमायला लागले. निनी प्रत्येकीच्या डोक्यावर हात ठेवायची आणि हात ठेवता ठेवता तिच्या सासूची चौकशी करायची. अंगणातली सगळी बातमी अशी तिसऱ्या मजल्यावर पोचायला लागली. फळं मात्र ती उशीखाली ठेवत नव्हती हे माझ्या लक्षात आलं. आलेलं सगळं मला द्यायची आणि म्हणायची, वाट. उशीखालचा गूळसुद्धा संपला होता आणि तिनं नवा मागितला नव्हता. मी हे पाहिलं, पण त्याचा विचार केला नाही. राग असला की माणूस पाहतो फार आणि विचार करत नाही.

मग गजरत्न मुकुट घेऊन आला. दोन्ही पत्रे घट्ट, सोनं लखलखीत. आता जीव परत घालायचा म्हणून आजू आले, आणि तिथे पुन्हा अडलं. कलशातून जीव काढण्याआधी कलशाची मोठी पूजा करावी लागते. तांब्याच्या कलशाची कशी करायची ते पोथीत आहे. म्हाताऱ्या बाईची कशी करायची?

आजूंनी वाटी रिकामी केली आणि निनीला विचारलं, "चिनी, तुझं वय काय गं?"

"सत्त्याहत्तर सरलं," निनी लगेच म्हणाली. "सातवा महिना पुढच्या अष्टमीला भरतो."

आमच्या घरात तिचा वाढदिवस कुणाला माहीत नव्हता, आणि ती मात्र एकटीच महिने मोजत बसलेली होती. जंको करायचा तो दिल्या घरच्या मुलांनी. ज्या बाईला दिलं घर नाही आणि मुलं नाहीत, तिचे महिने भरले काय आणि न भरले काय. दर वर्षी कुणाचा तरी रथ आमच्या गल्लीतून जायचा आणि निनी खिडकीत उभी राहून लाह्या उधळायची, हे मला आठवलं.

आजू म्हणाले, म्हाताऱ्या माणसाला देव करायची आपल्याकडे एकच पूजा आहे. हे म्हणाले, पण आजू, दिलेल्या लेकीचा जंको माहेरानं केल्याचं कुणी ऐकलंय का, लोक काय म्हणतील. आजू म्हणाले, "तू लेकीचा कुठं करतोयस? तू कलशाचा करतोयस. कलश रथात बसवून ओढू नये असं कुठल्या पोथीत लिहिलंय ते दाखव, मी गप्प बसतो."

यांना पोथी सापडली नाही. दिवस ठरला, पंचलालांच्या वडिलांच्या आठवडाभर आधीचा. पंचलालांनी आपलाच रथ वापरायला दिला. चाकं नवी आहेत, आधी एक फेरी झालेली बरी, असं त्यांचं व्यापारी डोकं.

आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हातारी उगाच नाही प्यायली. महिने मोजत बसली होती, घरात कलश आला, आणि तिनं डाव साधला. नवऱ्याचं तोंडचं पाणी पळवलं, मला रोज दिवा ओवाळायला लावला, कशासाठी, तर रथात बसायला. मला तिचा इतका संताप आला की सणाच्या वड्यांची डाळ वाटताना पाटा फुटायचाच बाकी राहिला.

जंकोच्या सकाळी तिला सजवायला मीच होते. लाल किनारीचं नवं लुगडं नेसवलं, केस विंचरले. मी विकत आणलेली नवी शाल पुढे केली तर ती नको म्हणाली. तिला तिची जुनीच हवी होती. मी ती ट्रंकेतून काढली. एका टोकाला लाल मातीचा मोठा डाग, धुऊनही न गेलेला, आणि विणीत अडकलेले पाचसहा तांदळाचे दाणे. देवापुढच्या ढिगातले, कुंकू लागलेले.

मी म्हटलं, "निनी, आज तरी खरं सांग. रथात बसायला मिळावं म्हणूनच प्यायलीस ना?"

ती हसली नाही आणि चिडलीही नाही. "दार लाव," म्हणाली. मी लावलं.

त्या दुपारी हे खाली धावले तेव्हा कडी लावायची राहिली होती. बहालातली पिवळी मांजर दुधाच्या वासानं आत शिरली आणि कलश आडवा झाला. निनी आवाज ऐकून दारापाशी गेली, तर पाणी उताराला लागून कोपऱ्यात जमत होतं. तिथल्या विटांच्या फटीतून ते खाली जायला किती वेळ लागतो. तिनं ओंजळीनं जेवढं आलं तेवढं प्यायलं. उरलेलं शालीनं टिपलं आणि शाल तोंडात धरून पिळली. परत टिपलं, परत पिळली. गुडघे टेकून, मातीसकट, तांदळासकट, जमीन कोरडी होईपर्यंत. मग कलश उभा केला, ढीग नीट केला, आणि बाहेर येऊन शाल धुतली.

मला तिचं ते कचकच चावणं आठवलं, आणि चूळ न भरणं. चूळ भरली असती तर तो थेंब मोरीत गेला असता.

"मग सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर कडी कुणाची राहिली हे विचारलं असतं. ज्याला कडी सांभाळता येत नाही त्याच्या डोक्यावर मुकुट कोण बसू देईल?" निनीनं शाल खांद्यावर ओढली. "मला काय, हावरट म्हणतातच. त्यात एक घोट वाढला. आणि भौ, त्याचं पडलेलं झेलायला मीच बसले होते. तेव्हा एक केस पडू दिला नाही, आता पाच बुद्ध पडू देऊ?"

मी तिच्यापुढे वाकले. त्या दिवशी ना फूल होतं ना दिवा. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि सवयीनं विचारलं, "सासू बरी आहे ना?" माझी सासू जाऊन दहा वर्षं झाली होती. तिच्या ध्यानात आल्यावर आम्ही दोघी डोळे पुसत हसलो.

यांना गाठून मी सगळं सांगितलं. मला वाटलं हे चकित होतील. हे खाली मान घालून उभे राहिले. मग म्हणाले, कडी राहिल्याचं त्यांना त्याच संध्याकाळी कळलं होतं, दार लोटलेलं होतं, कडी लोंबत होती. निनी 'मी प्यायले' म्हणाली आणि त्यांना सुटल्यासारखं वाटलं. शालीचं मात्र माहीत नव्हतं. एवढं बोलून ते पलीकडच्या खोलीत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी बोलवायला गेले नाही.

चौकात रथ सजला होता. निनीला पाय धुऊन बसवलं, माझ्याच हातानं कानांत सोन्याच्या बाळ्या घातल्या. मापटं भरभरून लाह्या, फुलं आणि फळांचे तुकडे तिच्या डोक्यावरून ओतले. एक बोर तिच्या मांडीत पडलं ते तिनं तोंडात टाकलं. मग रथाच्या दोरीला एका बाजूला हे, एका बाजूला मी, मागे अर्धा बहाल. चाकं कुरकुरली आणि रथ निघाला. निनी एकेका खिडकीकडे बघत होती. आमच्या स्वतःच्या खिडकीखालून रथ गेला तेव्हा तिनं मान वर करून बघितलं. तिथं कुणी नव्हतं, कारण दर वर्षी तिथं उभी राहणारी खाली रथात बसली होती.

फेरी करून रथ चौकात परत आला. आजूंनी आपला जुना मुकुट घातला, निनीच्या मनगटापासून आमच्या मुकुटापर्यंत पंचरंगी दोरा बांधला आणि मंत्र म्हणायला सुरुवात केली. बरंच झालं की ते पंचलालांकडून आणलेला ऐला त्याआधी प्यायले होते, कारण सगळं एकदम अस्खलित आलं. जीव मुकुटात परतला. आता मुकुट यांच्या डोक्यावर चढायचा. मी घड्या बांधलेलं कापड घेऊन पुढे झाले, तर यांनी हात आडवा केला.

"आधी एक सांगायचंय," हे सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "कलशाच्या खोलीची कडी माझ्या हातून राहिली. मांजरानं कलश पाडला. निनीनं जमीन शालीनं पुसून पाणी पिऊन टाकलं आणि माझ्यावरचं आपल्यावर घेतलं. आता हा मुकुट मी घालावा की नाही, ते आजूंनी सांगावं."

पंचलालांच्या हातातला विडा हातातच राहिला. मी आजूंच्या तोंडाकडे बघत होते. नवऱ्याचा मुकुट, घराचा मान, पुढच्या आठवड्यातला जंको, सगळं त्या एका म्हाताऱ्याच्या जिभेवर होतं. हे बोलायची काही गरज नव्हती असं माझ्या मनात एकदा आलं, आणि यांच्याकडे बघून लगेच गेलं.

आजूंना गाऱ्हाणी ऐकू येत नाहीत असं मी वर म्हटलं आहे. हे त्यांना नीट ऐकू आलं. त्यांनी निनीच्या शालीचं टोक हातात घेतलं, तो लाल डाग अंगठ्यानं चोळून बघितला.

"भुईत मुरलं नाही, म्हणजे सांडलं नाही," ते म्हणाले. "तरुणपणी माझीही कडी एकदा राहिली होती, सप्तमुनी. आमच्याकडेही एक निनी होती, म्हणून आज मी थकाली आहे. घाल."

पंचलालांनी सुटका झाल्यासारखा विडा तोंडात टाकला. आजू म्हणाले, जीव जिच्याकडून मुकुटात आला तिच्याच हातून मुकुट चढू दे. मी यांच्या डोक्याला घड्या बांधल्या, आणि हे रथापुढे गुडघे टेकून बसले, डोकं खाली केलं. ज्या बाईला आगमाचा उंबरा ओलांडू देत नाहीत तिनं आगमातला मुकुट दोन्ही हातांनी उचलला. मुकुटाचं एक फूल हललं नाही. तो तिनं यांच्या डोक्यावर ठेवला, मागे रेलून बघितला, आणि यांचे कान झाकले गेल्याचं पाहून माझ्याकडे वळली.

"भौ, घडी वाढव," निनी म्हणाली. "हा पाडतो."